मेहरानगड नीट पाहायचा असेल तर: जयपोळपासून फतेहपोळपर्यंत

जोधपूरला जाणारे बरेच जण मेहरानगडाला दीड तास देतात आणि तिथेच फसतात. लिफ्टने वर जायचं, शीशमहाल, फूलमहाल बघायचे, तटावरून निळ्या घरांचे फोटो काढायचे आणि खाली यायचं. यात किल्ला बघायचा राहूनच जातो. मेहरानगडाचा किल्लेपणा त्याच्या चढात आणि दरवाजांत (इथे दरवाजाला पोळ म्हणतात) आहे, आणि तो पायी चढल्याशिवाय कळत नाही. वरचे महाल हे म्युझियम आहे. तेही अप्रतिम आहे, पण दरवाजे बघून तिथे पोहोचलेल्या माणसाला ते वेगळंच दिसतं. म्हणून हिशेब असा ठेवा: चढाला पाऊण तास, म्युझियमला अडीच तास, तट आणि देवळाला अर्धा तास, आणि उतरायला तास-दीड तास. थोडक्यात, अख्खी सकाळ मोकळी ठेवायची.

राव जोधांनी १४५९ मध्ये हा गड बांधायला घेतला. त्याआधी मारवाडची राजधानी मंडोरला होती, इथून उत्तरेला साधारण नऊ किलोमीटरवर. गडाचा कातळ भोवतालच्या शहरापासून सुमारे १२५ मीटर उठलेला आहे आणि तट काही ठिकाणी ३६ मीटरपर्यंत उंच आहे. १९७२ मध्ये महाराजा गजसिंह (दुसरे) यांनी मेहरानगड म्युझियम ट्रस्ट स्थापन केला आणि राजवाड्याचं म्युझियम झालं. आजही गड हा ट्रस्टच चालवतो. त्यामुळे पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यांची तिकिटं आणि सवलती इथे लागू होतील असं धरून चालू नका.

कधी जायचं

ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलपासून ऊन चढायला लागतं आणि मे-जूनमध्ये पारा सहज ४० च्या वर जातो. तो दगड दुपारी तव्यासारखा तापतो आणि चढाच्या बऱ्याच भागात सावली नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी चांगलीच थंडी असते. दगडी दालनांत ती जास्तच जाणवते, तेव्हा एक पातळ स्वेटर असू द्या. पावसाळ्यातही जाता येतं. इथला पाऊस कोकणासारखा नाही, वर्षभरात कोकणातल्या आठवडाभराच्या सरींइतकाच. उलट, पाऊस पडून गेल्यावर गडाच्या पायथ्याचा कातळ हिरवा होतो. त्याबद्दल शेवटी सांगितलं आहे.

रोजची वेळ साधारण सकाळी ९ ते संध्याकाळी ५ अशी असते. सणासुदीला किंवा कार्यक्रमांमुळे ती बदलू शकते आणि तिकिटाचे दरही बदलत राहतात, म्हणून आदल्या रात्री म्युझियमच्या संकेतस्थळावर दोन्ही बघून घ्या. नऊला दरवाजा उघडताना तिथे असणं ही सगळ्यात महत्त्वाची सूचना. साडेदहानंतर सहलीच्या बसेस येऊ लागतात. महालांमधले जिने एका वेळी एकच माणूस जाईल इतके अरुंद आहेत. पुढे पन्नास जणांचा गट असला की तुमची चाल तो ठरवतो.

नवरात्रात जाणार असाल तर जास्त विचार करा. गडाच्या टोकाला चामुंडा मातेचं देऊळ आहे. राव जोधांनी ही मूर्ती मंडोरहून आणली आणि जोधपूरकरांची तिच्यावर गाढ श्रद्धा आहे. नवरात्रात पहाटेपासून रीघ लागते. ३० सप्टेंबर २००८ रोजी, घटस्थापनेच्या पहाटे, देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यांत तरुण मुलं फार होती. त्यामुळे दर्शन घ्यायचं असेल तर पोलिसांनी घातलेल्या रांगेतच राहा आणि लहान मुलांना त्या गर्दीत नेऊ नका. फक्त म्युझियम बघायचं असेल तर ते नऊ दिवस टाळलेलेच बरे.

शरद पौर्णिमेच्या सुमारास गडावर राजस्थान आंतरराष्ट्रीय लोकसंगीत महोत्सव भरतो. लंगा आणि मांगणियार गायक गडाच्याच चौकात ऐकायला मिळतात. त्या दिवसांत हॉटेलं महाग होतात आणि खोल्या लवकर भरतात.

पोहोचणं

मुंबईहून सर्वांत सोयीची गाडी वांद्रे टर्मिनसहून सुटणारी सूर्यनगरी एक्सप्रेस. दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूर. पुण्याहून भगत की कोठीला साप्ताहिक गाडी आहे. भगत की कोठी हे जोधपूरचंच स्टेशन, मुख्य जंक्शनपासून काही किलोमीटरवर. आरक्षण करताना नाव बघून गोंधळू नका. मुंबईहून विमानही आहे.

शहरातून गडावर जायच्या दोन वाटा. रिक्षा आणि गाड्या ईशान्येकडून नागौरी गेटच्या रस्त्याने वळत वळत जयपोळच्या वाहनतळापर्यंत येतात. दुसरी वाट पायी: घंटाघराच्या सरदार मार्केटमधून जुन्या शहराच्या गल्ल्यांतून वर. ती वीस-पंचवीस मिनिटांची, चढणीची आहे. रस्ता चुकलात तरी घाबरायचं कारण नाही, मान वर केली की गड दिसतो. गुडघे आधी दमवायचे नसतील तर जाताना रिक्षा करा आणि उतरताना चाला. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा आणि ‘जयपोळ, किल्ला’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘पॅलेस’ म्हणालात तर रिक्षा शहराच्या दुसऱ्या टोकाला उमेद भवनकडे वळण्याचा संभव आहे. तिथेही म्युझियम आहे, पण तो विसाव्या शतकातला राजवाडा, त्याचा या गडाशी घोटाळा करू नका.

गाडी ठरवली असेल तर ड्रायव्हरला निघतानाच एक गोष्ट सांगून ठेवा: तुम्ही जयपोळने वर जाणार आणि फतेहपोळने खाली उतरणार, म्हणून त्याने गाडी घेऊन घंटाघराकडे यायचं. हे न सांगितल्यामुळे लोक खाली उतरतात, गाडी वर राहते आणि भर उन्हात पुन्हा चढ चढावा लागतो.

एक शब्दाची गोष्ट. पाट्यांवर हिंदीत ‘पोल’ लिहिलेलं दिसेल, पण मारवाडीत आपल्यासारखाच ळ आहे आणि स्थानिक माणूस पोळच म्हणतो. मराठी माणसाला तो उच्चार सहज जमतो. वाट विचारताना ‘फतेहपोळ कठै?’ असं विचारलंत की समोरच्याचा चेहरा खुलतो.

बरोबर काय

माणशी एक लिटर पाणी, टोपी आणि रबरी तळव्यांचे बूट. बूट महत्त्वाचे, कारण चढावरचे दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेत आणि उतरताना चामड्याचे तळवे घसरतात. मोठ्या पिशव्या आणि सामान हॉटेलवरच ठेवा. अरुंद जिन्यांत पाठीवरची सॅक मागच्याच्या तोंडावर येते. ओळखपत्र जवळ ठेवा. स्वच्छतागृहात आधीच जाऊन या, कारण म्युझियमचा फेरा एकाच दिशेने जातो आणि मधून मागे फिरता येत नाही. ज्यांना कमी उंचीच्या दारांचा आणि चढउताराचा त्रास होतो त्यांनी लक्षात ठेवा की लिफ्टने वर गेलं तरी आतल्या महालांत पायऱ्या आहेतच. चाकाच्या खुर्चीवर पूर्ण फेरा होत नाही. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना लिफ्टने वर नेऊन शृंगार चौक आणि हत्तीवरच्या हौद्यांचं, पालख्यांचं दालन दाखवा आणि वरच्या चौकातल्या कॅफेत बसवा. एवढ्यातही त्यांचं येणं सार्थकी लागतं.

तिकिटाच्या खिडकीवर

तिकीट जयपोळपाशी मिळतं. तीन गोष्टी तिथेच ठरवायच्या.

पहिली, ऑडिओ गाइड. तो हिंदीतही आहे आणि चांगला आहे. दालनांपुढे क्रमांक लावलेले असतात, तो क्रमांक दाबायचा. एकट्याने किंवा दोघांनी फिरणाऱ्यांना हाच सोयीचा, कारण हवा तिथे थांबता येतं. पाच-सहा जणांचा गट असेल तर माणूस-गाइड बरा. त्याची भाषा, पैसे आणि वेळ आधी ठरवून घ्या. ‘दोन तास आणि सगळे दरवाजे’ असं म्हणा, नाहीतर तो थेट महालांपासून सुरुवात करतो.

दुसरी, कॅमेरा. फोटोंचं वेगळं तिकीट लागतं का ते विचारून घ्या. आत फ्लॅश बंद ठेवायचा, कारण जुनी चित्रं आणि वस्त्रं प्रकाशाने फिकी पडतात. तिवई आणि ड्रोनला परवानगीशिवाय थारा नाही.

तिसरी, लिफ्ट. तिचं तिकीट वेगळं असतं. पाय धड असतील तर काढू नका.

चढ: इथे घाई करू नका

जयपोळ हा दरवाजा महाराजा मानसिंहांनी जयपूर आणि बिकानेरच्या फौजांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला. त्या युद्धाचं निमित्त उदयपूरची राजकन्या कृष्णाकुमारी. तिच्या विवाहावरून जोधपूर आणि जयपूर एकमेकांवर उठले. आत शिरल्यावर डाव्या बाजूला एक छोटी छत्री आहे. या गडाचं रक्षण करताना पडलेल्या किरतसिंह सोढा या शिपायाची. बहुतेक लोक ती न बघताच पुढे जातात. राजांच्या गडावर शिपायाची छत्री पहिल्या दाराशी आहे, म्हणून तिथे मिनिटभर थांबाच.

पुढे चढ सुरू होतो. डाव्या-उजव्या भिंती नीट बघा. डेढ कांगरा पोळेजवळ दगडावर वाटीएवढे खड्डे दिसतील, तोफगोळ्यांचे. जवळ गेलात तर कळतं की गोळा आदळलेला मधला भाग चुरलेला आहे आणि भोवती टवके उडून कडा खडबडीत झाल्यात. बोट फिरवलं तर जिथे टवका उडाला तिथला दगड आजही धारदार लागतो. इतक्या जवळून तोफगोळे लागूनही भिंत उभी आहे, यावरून तिची जाडी लक्षात यावी. काही ठिकाणी ती २१ मीटर आहे.

सह्याद्रीतले गड पायाखाली घातलेल्यांनी इथे एक तुलना करून बघावी. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत लपवलेला, गोमुखी. शत्रूला तो समोर येईपर्यंत दिसतच नाही. मेहरानगडाने दरवाजे लपवलेले नाहीत. इथली युक्ती वेगळी आहे. चढ तीव्र ठेवायचा आणि दरवाजाच्या ऐन आधी काटकोनात वळवायचा. दरवाजा फोडायला हत्ती वापरत, आणि हत्तीला धडक द्यायला सरळ धाव लागते. लोहपोळेसमोर उभे राहून मागे वळून बघा. तिथे हत्तीला चार पावलंसुद्धा सरळ पळता येणार नाहीत, आणि वर सगळीकडून मारा. वाळवंटातल्या गडाला आपल्यासारखी दाट रानाची आणि पावसाची साथ नाही, त्यामुळे सगळा भरवसा कोनावर आणि उंचीवर.

वाटेत रावणहत्था किंवा ढोल-शहनाई वाजवणारे बसलेले असतात. थांबून ऐकलंत तर काहीतरी द्या, हा त्यांचा पोटाचा धंदा आहे. फोटो काढून तसंच पुढे जाणं बरं दिसत नाही.

लोहपोळेच्या भिंतीवर शेंदूर लावलेले हातांचे छोटे ठसे आहेत. राजाच्या मृत्यूनंतर सती गेलेल्या राण्यांचे. १८४३ मध्ये मानसिंह गेले तेव्हाच्या राण्यांचे ठसे त्यांत आहेत असं सांगतात. ते ठसे फार लहान आहेत, काही तर मुलीच्या हाताएवढे. लोक त्यांवर आपला पंजा ठेवून फोटो काढतात. ते करू नका. इथे कुणी फुलं वाहतं, कुणी नुसतं उभं राहतं. मुलांनी विचारलं तर काय घडत होतं ते खरं सांगा.

याच चढावर गडाच्या पायाभरणीची कथा कानावर येते. गड टिकावा म्हणून राजाराम मेघवाल नावाच्या माणसाला पायात जिवंत पुरलं, आणि त्याच्या घराण्याला जमीन दिली. त्याचं स्मारक गडावर आहे. गाइडला मुद्दाम दाखवायला सांगा. चिडियानाथ नावाच्या योग्याची कथाही आहे. टेकडीवरून हुसकावल्यावर त्याने पाण्याच्या दुष्काळाचा शाप दिला म्हणतात. जिथे पाऊस कधीकधी वर्षभर चुकतो तिथे अशी कथा जन्मणं साहजिकच आहे.

म्युझियम: कुठे रेंगाळायचं, कुठे नाही

सूरजपोळेतून आत आलं की शृंगार चौक. मध्ये संगमरवरी चौथरा, त्यावर मारवाडच्या राजांचा राज्याभिषेक होई. तिथून मान वर करा: तिन्ही बाजूंना लाल दगडाची जाळी, इतकी बारीक की लाकूडच वाटावं. जाळीच्या मागे जनाना. आतून चौक पूर्ण दिसतो, चौकातून आतलं काहीच नाही. थोड्या वेळाने तुम्ही त्याच जाळीच्या मागून खाली बघाल, तेव्हा हे आठवा.

मग हौदे आणि पालख्या. हत्तीचा हौदा म्हणजे दोन भाग, पुढचा मोठा राजाचा, मागचा लहान अंगरक्षकाचा किंवा चवरी ढाळणाऱ्याचा. त्यांतला चांदीचा हौदा शाहजहानने १६५७ मध्ये महाराजा जसवंतसिंहांना दिलेला. हे तेच जसवंतसिंह, जे शाइस्तेखानाबरोबर पुण्यात होते, आणि लालमहालावरच्या छाप्यानंतर १६६३ च्या अखेरीस कोंढाण्याला वेढा घालून बसले. गड काही मिळाला नाही, आणि १६६४ मध्ये वेढा उठवून ते परतले. पुण्याच्या माणसाला या हौद्यापुढे जरा जास्तच वेळ थांबावंसं वाटतं. काचेजवळ जाऊन पुढच्या पत्र्यावरचं चांदीचं काम बघा.

पालख्यांमध्ये महाडोल शोधा. लाकडावर सोन्याचा मुलामा, काचेची तावदानं; १७३० मध्ये गुजरातेत सरबुलंदखानाचा पाडाव करून महाराजा अभयसिंहांनी आणलेली. ती उचलायला बारा भोई लागत.

शस्त्रांच्या दालनात राव जोधांचा खांडा आहे, वजन तीन किलोंच्या वर. अकबराची म्हणून जपलेली तलवारही तिथेच. मुघलांच्या लाल मखमली डेऱ्यावरचं जरीकाम दौलतखान्याच्या बाजूला मांडलेलं असेल तर ते अजिबात चुकवू नका. कापडाच्या तंबूवर एवढी कलाकुसर का करायची, हे तो बघितल्यावर उमगतं. फौज सदा हलती, म्हणून राजवाडाही हलता.

चित्रांच्या दालनात गर्दी थांबत नाही, म्हणून तिथे निवांतपणा मिळतो. मारवाड शैलीची लघुचित्रं जवळून बघायला भिंग असेल तर आणखी बरं. पाळण्यांच्या झांकीमहालात आणि सरदार विलासातल्या दारांच्या नक्षीवर नजर फिरवून पुढे गेलात तरी चालेल.

फूलमहाल हे सगळ्यात श्रीमंत दालन. अभयसिंहांनी बांधलं, आणि छताचं सोनं त्याच गुजरातच्या मोहिमेतलं, अहमदाबादेहून आलेलं, असं सांगतात. भिंतींवरची रागमालेची चित्रं मात्र बरीच नंतरची. इथे आत पाऊल टाकता येत नाही. दोरीच्या अलीकडून बघायचं असतं. दोरीपाशी एकच रांग उभी राहते, म्हणून आधी मागे उभं राहून छत बघा आणि मग दोरीपाशी जाऊन भिंती. सगळे एकदम बघायला गेलात तर मागून ढकललं जाऊन काहीच दिसत नाही.

तखत विलास म्हणजे गडावर राहिलेल्या शेवटच्या राजाचं, तखतसिंहांचं शयनघर (त्यांचा काळ १८४३ ते १८७३). भिंतीवर देवदेवतांपासून घोडेस्वारांपर्यंत सगळं रंगवलेलं, जमीन गालिच्यासारखी, आणि छताला टांगलेले रंगीत काचेचे गोळे, युरोपात नाताळच्या झाडाला लावतात तसे. हे गोळे बऱ्याच नंतर लावले आहेत. बघताना जुनं आणि नवं वेगळं करत गेलात तर एका खोलीत दोन शतकं दिसतात.

शेवटी मोतीमहाल. सवाई राजा सूरसिंहांनी (१५९५ ते १६१९) बांधलेला दरबार. भिंतीच्या गिलाव्यात शिंपल्यांचं चूर्ण मिसळलंय, त्यामुळे भिंत ओलसर, मोत्यासारखी दिसते. समोरच्या भिंतीत पाच कोनाडे आहेत. दिसायला कोनाडे, पण त्यांच्यामागे छुपे सज्जे, जिथून राण्या दरबार ऐकत.   

बाहेर पडल्यावर पगड्या बांधून दाखवणारा कारागीर बसलेला असेल. मारवाडात पगडीचा रंग आणि बांधणी जात, ऋतू आणि प्रसंगानुसार बदलते. बांधून घ्या, पण बक्षीस आधी विचारा.

तट आणि देऊळ

म्युझियमच्या पलीकडे तटावर तोफा आहेत. किलकिला, शंभुबाण आणि गजनीखान ही त्यांची नावं ध्यानात ठेवा. सुरक्षेसाठी तटाचा काही भाग वेळोवेळी बंद ठेवतात. दोरी ओलांडून कठड्यावर चढू नका. कठडे बुटके आहेत आणि खाली सरळ कडा.

निळी घरं इथून दिसतात. सगळं शहर निळं नाही. निळेपणा दाटलेला भाग गडाच्या पश्चिमेला-नैऋत्येला, ब्रह्मपुरीचा. चुन्यात नीळ मिसळून रंगवतात. ब्राह्मणांच्या घरांची खूण, उन्हाला थंडावा, वाळवीपासून बचाव, अशी कारणं सांगतात. भर दुपारी रंग उडालेला दिसतो. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर फोटो चांगले येतात. आकाशात घारी घिरट्या घालत असतात. घार हे चामुंडेचं रूप मानतात, राठोडांच्या, म्हणजे जोधपूरच्या राजघराण्याच्या, झेंड्यावरही तीच आहे.

उतरताना

परत जयपोळला न जाता चढाच्या खालच्या टप्प्यातून चोकेलाव बागेकडे जाणारी वाट घ्या. अभयसिंहांच्या काळची ही बाग ट्रस्टने पुन्हा उभी केली आहे. एक टप्पा रात्री फुलणाऱ्या पांढऱ्या, सुवासिक फुलांचा आहे. तिथून पुढे फतेहपोळ.

या दरवाजाला मराठी माणसाने जरा जास्तच आदराने बघावं. जसवंतसिंह १६७८ मध्ये खैबरजवळ जमरूदला वारले, आणि औरंगजेबाने जोधपूर घशात घातलं. जसवंतसिंहांच्या बाळाला, अजितसिंहाला, वाचवून दुर्गादास राठोडांनी जवळजवळ तीस वर्षं झुंज दिली. याच दुर्गादासांनी १६८१ मध्ये औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याला संभाजी महाराजांच्या आश्रयाला आणलं. सुधागडाच्या पायथ्याशी पालीजवळ तो राहिला. मार्च १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला, आणि बातमी येताच अजितसिंहांनी जोधपूर परत घेतलं. त्या विजयाची आठवण म्हणून हा फतेहपोळ. सह्याद्रीत पंचवीस वर्षं रेंगाळलेल्या युद्धाचा शेवट नगरला झाला आणि त्याचा एक दरवाजा इथे उघडला.

दाराबाहेर राणीसर आणि पद्मसर ही तळी. राणीसर राव जोधांच्या राणीने, जसमादे हाडीने खोदवलं. गडाचं पाणी यांच्यावरच होतं, म्हणून पाण्याजवळ उभं राहून वर बघा: तट तळ्यापर्यंत उतरून आलेला दिसेल. पाणी शत्रूच्या हाती गेलं की वाळवंटात गड गेलाच.

वेळ आणि पाय शिल्लक असतील तर दोन ठिकाणं जवळच आहेत. जसवंत थडा, १८९९ मधली संगमरवरी स्मारक-छत्री, गडापासून किलोमीटरभर. ही जसवंतसिंह दुसरे यांची. कोंढाण्याचे जसवंतसिंह वेगळे, गल्लत करू नका. तिकीट वेगळं. दुसरं, राव जोधा मरुभूमी शिला उद्यान. ७० हेक्टरचा हा कातळ विलायती बाभळीने (तिथे तिला बावळिया म्हणतात) व्यापला होता. २००६ पासून ती मुळासकट काढली, आणि मुळं कातळात शिरलेली असल्यामुळे वाळूदगड फोडणाऱ्या खांडवालियांना छिन्नी-हातोड्याने ती खोदून काढावी लागली. तिच्या जागी थोर, कुमटियो, केर, रोहिडा अशी मूळची मरुझाडं लावली. पाऊस पडून गेल्यावर महिनाभर हे उद्यान बघण्यासारखं असतं, आणि तिथला मार्गदर्शक वनस्पती ओळखायला शिकवतो.

इथला काळसर-तांबूस कातळ रायोलाइट आहे, सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा. आपला बेसाल्टही ज्वालामुखीचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. गडाच्या पायथ्याशी या रायोलाइटवर वाळूदगड बसलेला दिसतो. तो सांधा भूशास्त्रीय स्मारक म्हणून जपलेला आहे. तटाच्या खालच्या ओळीत बघा, कातळ कुठे संपतो आणि घडीव दगड कुठे सुरू होतो हे पटकन कळत नाही.

फतेहपोळेतून खाली ब्रह्मपुरी आणि नवचौकियाच्या गल्ल्या. ही माणसांची राहती घरं आहेत. दारात बसलेल्या बायकांचे फोटो विचारून काढा, आणि ‘खम्मा घणी’ म्हणून आधी नमस्कार केलात तर नकार क्वचितच मिळतो. गल्ली उतारावर उतरत राहिली की घंटाघर येतं. तिथे मिर्ची वडा गरम मागा, आणि मखनिया लस्सी प्यायची असेल तर पोट अर्धं रिकामं ठेवा. ती घट्ट असते आणि चमच्यानेच खावी लागते. ड्रायव्हरला घंटाघराचं ठिकाण सांगितलेलं असेल, तर गाडी तिथेच असेल.